द्रव्याची प्रतिष्ठा

वस्तूचें मोल ती ज्या द्रव्याची बनलेली असते त्यावरून ठरवावें, कीं ती जें कार्य करते त्यावरून ठरवावें, हा प्रश्न वरवर पाहतां सुताराचा किंवा सोनाराचा वाटतो. परंतु थोडा विचार केला असतां तो नीतिविचाराच्या अगदीं उंबरठ्यावरचा आहे असें दिसून येईल. आपल्या बोलण्यांत 'अस्सल' हा शब्द स्तुतीचा आणि 'बनावट' हा शब्द निंदेचा. यांपैकीं दुसऱ्या शब्दाचा मूळचा अर्थ 'घडण' एवढाच आहे, हें आपण विसरून गेलों आहों. मनुष्यानें हेतुपूर्वक घडविलेली वस्तु तेवढ्याच कारणानें खोटी ठरावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

महाडच्या बाजारपेठेंत मुलीच्या लग्नासाठीं कपाट पाहावयास गेलेल्या कोणत्याहि कुटुंबाला हा प्रश्न प्रत्यक्ष भेटतो. 'सागवानी' हा शब्द दुकानांत भारदस्तपणें उच्चारला जातो, आणि 'एम्.डी.एफ्.' हीं अक्षरें किंमत सांगतांना किंचित् ओशाळेपणानें पुढें येतात. घेणाराहि तीं ऐकून घेतो, आणि पाहुण्यांना मात्र कपाट कशाचें आहे तें सांगत नाहीं. कपाटाची गोष्ट एक वेळ सोडून देऊं. कपडे नीट आंत राहिले म्हणजे कपाटाचें काम झालें. वाद्याची गोष्ट तशी नाहीं. वाद्य म्हटलें म्हणजे द्रव्य आणि कार्य यांचा संबंध इतका निकट असतो, कीं लाकूड बदललें तर नाद बदलेल, आणि नाद बदलला तर तें वाद्यच राहणार नाहीं, असें आपण गृहीत धरून चालतों. सावित्रीच्या खोऱ्यांतील देवळांत भजनाला आजहि पखवाज, झांजा व पेटी लागतात. आतां तालुक्याच्या गांवीं शिकत्या मुलामुलींच्या हातीं गिटारहि दिसूं लागली आहे, आणि पुष्कळदां ती विजेची असते. ही विजेची गिटार अखंड लाकडाची नसून लाकडाचे तंतु व राळ एकत्र दाबून केलेली असेल, तर तिला खरी म्हणावें कीं खोटी? आणि ती तशी केल्यानें रानांतील एखादा जुना वृक्ष वांचला असेल, तर ती गोष्ट तिच्या जमेस धरावी कीं नाहीं? या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें द्रव्य काय आहे तें समजून घेतलें पाहिजे. लाकूड म्हणजे लांबट तंतूंचा जुडगा असून त्या तंतूंना लिग्निन नांवाचें नैसर्गिक द्रव्य एकत्र धरून ठेवतें. अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत लॉरेल गांवीं विल्यम मेसन यानें १९२४ सालीं अशी युक्ति काढली, कीं लाकडाच्या कपच्या बंद पात्रांत वाफेच्या प्रचंड दाबाखालीं ठेवाव्या व दाब एकाएकीं सोडावा. म्हणजे कपच्या फुटून त्यांचे तंतु मोकळे होतात. हे तंतु पसरून उष्णतेनें व दाबानें पुन्हा एकत्र केले, कीं लाकडांतलेंच लिग्निन त्यांना सांधतें आणि कठीण, पातळ, गुळगुळीत फळी तयार होते. वखारींत जें लाकूड टाकाऊ समजलें जाई, त्याला असा नवा जन्म मिळाला. पुढें तंतु कोरडे ठेवून त्यांत युरिया व फॉर्मल्डिहाइड यांची राळ मिसळण्याची रीत आली. आज घरोघरीं दिसणारी एम्.डी.एफ्.ची फळी ती हीच. कागदाचे थर फिनॉलच्या राळेंत भिजवून दाबले म्हणजे त्याहून कठीण, काळसर द्रव्य मिळतें, व त्याच्या पट्ट्या कांहीं गिटारींच्या मानेवर शिसवाच्या जागीं बसविल्या जातात. अखंड लाकडाला रेषा असतात, गांठी असतात, प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा असतो. या फळीला स्वभाव नाहीं. एक फळी दुसरीसारखी असते. सुताराच्या दृष्टीनें हा गुण, आणि रसिकाच्या दृष्टीनें कदाचित् दोष.

अशा फळीची गिटार ही कांहीं कल्पनेंतील वस्तु नव्हे. न्यू जर्सींत नेथन डॅनियल नांवाच्या गृहस्थानें १९५० नंतरच्या दशकांत 'डॅनेलेक्ट्रो' या नांवाच्या विजेच्या गिटारी काढल्या. साध्या लाकडाची हलकी चौकट, तिच्यावर मागें व पुढें मेसनच्या फळीचे तुकडे, कडेनें गुंडाळलेली एक पट्टी, आणि तारांखालीं ओठ रंगविण्याच्या कांडीच्या नळींत बसविलेलें चुंबकाचें वेटोळें, एवढीच तिची संपत्ति. सिअर्स या मोठ्या व्यापारी पेढीनें त्या 'सिल्व्हरटोन' या नांवानें घरोघरीं पोंचविल्या. त्यांतील एका प्रकारांत तर गिटार ठेवण्याच्या पेटींतच ध्वनिवर्धक बसविलेला असे. ज्यांना अखंड लाकडाची महाग गिटार घेण्याची ऐपत नव्हती, त्यांच्यासाठीं निघालेली ही वस्तु. परंतु पुढें 'लेड झेपेलिन'च्या जिमी पेजसारख्या, वाटेल ती गिटार विकत घेऊं शकणाऱ्या वादकानेंहि ती आपण होऊन हातीं घेतली. लंडनमध्यें ब्रायन मे या शाळकरी मुलानें १९६३ सालीं आपल्या वडिलांच्या मदतीनें घरींच गिटार करावयास घेतली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महॉगनीची, आणि अंगाचा बराचसा भाग पट्ट्या जोडून केलेल्या ब्लॉकबोर्डाचा. तीच गिटार घेऊन तो पुढें 'क्वीन' या वृंदांत जगभर वाजला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला होता. आणि पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर ओलांडलें, कीं पांचगणी येतें. तेव्हां ज्या वाद्याची आम्ही चर्चा करीत आहों, त्याचें जग आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं.

ही फळी गिटारीला चालली कशी, याचें कारण त्या वाद्याच्या रचनेंतच आहे. पोलादाची तार चुंबकाजवळ कांपते. त्यामुळें चुंबकाभोंवतींच्या तांब्याच्या वेटोळ्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. तो प्रवाह वाढवून कर्ण्याला दिला म्हणजे आपणांस सूर ऐकूं येतो. येथें हवा हलविण्याचें काम कर्णा करतो. लाकडाकडे मुख्यतः तारा ताणून धरण्याचें काम राहतें. लाकूड डळमळीत असेल तर तें तारेची शक्ति खाऊन टाकील व सूर लवकर विझेल. म्हणून ताठपणा हवाच. त्यापलीकडे लाकडाच्या जातीचा वाटा किती, याविषयीं वादकांत कडाक्याचा वाद आहे, आणि तो येथें मिटविण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु तंबोऱ्यांत किंवा सतारींत लाकडाचा जो वाटा असतो, तितका तो गिटारींत नाहीं, एवढें निर्विवाद आहे.

आपल्या दर्शनकारांनीं उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद केला आहे. माती हें घटाचें उपादान, कुंभार हें निमित्त. हा भेद सर्वत्र लागू पडतो; परंतु प्रत्येक वस्तूचें आपल्या उपादानाशीं असलेलें नातें सारखेंच घट्ट असतें असें नाहीं. पोलादपूर येथें कवींद्र परमानंदांची समाधि आहे. त्यांचें 'शिवभारत' हें काव्य हस्तलिखितांच्या रूपानें टिकलें, आणि १९२७ सालीं स. म. दिवेकर यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें. बोरूनें लिहिलेलें काव्य खिळ्यांनीं छापलें गेलें, हातकागदाच्या जागीं यंत्राचा कागद आला. म्हणून काव्य एका अक्षरानें तरी उणावलें काय? आणि कागद तरी काय आहे? तंतु मोकळे करून, पाण्यांत कालवून, दाबून, वाळवून केलेलें तें पातळ पत्रच. ज्या पानावर हा लेख वाचकांच्या हातीं पडत आहे तें पान, आणि डॅनियलच्या गिटारीचें अंग, हीं सख्खीं नसलीं तरी चुलत भावंडें खास आहेत. कागद लाकडाचा आहे कीं चिंध्यांचा, याची चौकशी करून कोणी काव्याची थोरवी ठरविली नाहीं. कारण काव्य आपल्या उपादानाविषयीं जवळजवळ उदासीन असतें. दुसऱ्या टोंकाला तंबोरा आहे. त्याचें द्रव्य हेंच त्याचें अर्धें बोलणें. विजेची गिटार या दोहोंच्या मधें कोठें तरी, आणि आमच्या समजुतीप्रमाणें काव्याच्या बाजूस अधिक झुकलेली, अशी बसते. तिला तंबोऱ्याचा न्याय लावणें ही विचारांतील पहिली गफलत होय.

तंबोऱ्याचें नांव निघालें म्हणजे मिरज आठवल्यावांचून राहत नाहीं. तेथील तंतुवाद्यांची कीर्ति देशभर असून, २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. हा धंदा तेथें एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून वाढीस लागला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. तरवारींचे दिवस सरले, हत्यारांना गिऱ्हाईक उरलें नाहीं, तेव्हां तेच हात तारा जुळवूं लागले. आणि तंबोऱ्याचा तो भरदार, गुंजणारा भाग कशाचा असतो? पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत पिकणाऱ्या कडू भोपळ्याचा! जो भाजीलाहि उपयोगाचा नाहीं, तो भोपळा वाळवून, कापून, त्यावर तुणीच्या लाकडाची तबली बसवून, जवारी लावून झाली, कीं त्याच्या सान्निध्यांत गवई डोळे मिटून षड्ज लावतो. त्या भोपळ्याला ही कुलीनता कोणीं दिली? वेलीनें दिली नाहीं. ती कारागिरांच्या हातांनीं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांनीं दिली. शस्त्रें घासणाऱ्या घराण्याकडून आणि टाकाऊ फळाकडून आपल्या संगीतानें जर एवढें घेतलें आहे, तर द्रव्याची प्रतिष्ठा जन्मानें येत नसून ती मिळवावी लागते, असेंच म्हणणें प्राप्त आहे. हें सांगत असतांनाच दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. भोपळ्यानें जी प्रतिष्ठा मिळविली ती परीक्षा देऊन मिळविली. दाबलेल्या फळीनें तंबोऱ्याच्या तबलीची जागा मागितली, तर तिलाहि त्याच परीक्षेस बसावें लागेल, आणि तेथें ती उत्तीर्ण होईल असें मानण्यास आज आधार नाहीं.

कोणी असें म्हणेल कीं, ही सर्व तर्काची कसरत झाली. जाणत्याचा कान खरें-खोटें ताबडतोब ओळखतो. कानाविषयीं आम्हांसहि आदर आहे. परंतु कानाला डोळा फितवितो, याचेंहि प्रत्यंतर आहे. व्हायोलिनच्या बाबतींत क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग करून त्याचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध केला. एकवीस निष्णात वादकांना काळे चष्मे घालून, मंद उजेडांत, तीन नवीं व तीन जुनीं व्हायोलिनें वाजवावयास दिलीं. जुन्यांपैकीं दोन स्ट्रॅडिव्हरीचीं आणि एक ग्वार्नेरीचें. वासावरूनहि ओळख पटूं नये म्हणून हनुवटीच्या आधाराला अत्तर लावलें होतें. सर्वांत अधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हरीला! या प्रयोगावरून जेवढें सिद्ध होतें तेवढेंच घेतलें पाहिजे. नवीं व्हायोलिनेंहि उत्तम लाकडाचींच होतीं. तेव्हां फळी आणि लाकूड यांचा निकाल येथें लागत नाहीं. परंतु नांव आणि वय यांचा दरारा कानावर किती बसलेला असतो, हें मात्र येथें उघड होतें. आणि ज्या कानावर नांवाचा दरारा बसतो, त्यावर 'शिसवी' आणि 'सागवानी' या शब्दांचा बसत नसेल, असें कोण म्हणेल?

आपल्याकडे पेटीचें जें झालें तें या संदर्भांत पुन्हा आठवून पाहण्यासारखें आहे. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीच्या बाजूनें दोन प्रकारचे आक्षेप घेतले जात. एक, पेटी मूळची परदेशची; दुसरा, तिचे सूर ठोकून बसविलेले असल्यामुळें तिच्यांतून मींड निघत नाहीं व श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवितां येत नाहींत. यांपैकीं दुसरा आक्षेप कार्यावरचा होता, म्हणून तो विचारार्ह होता व आजहि आहे. पहिला उत्पत्तीवरचा होता, आणि तो कधींच विचारार्ह नव्हता. दोन्ही एकत्र कालविले गेल्यामुळें योग्य आक्षेपाची धार बोथट झाली आणि अयोग्य आक्षेपाला उगाच मान मिळाला. इकडे कोंकणांतल्या देवळांत भजनाला सूर धरण्यापुरती पेटी पुरेशी होती. तेथें ती आपलें काम चोख करीत राहिली.

उत्पत्तीवरून मोल ठरविण्याच्या संवयीविषयीं बोलतांना महाडचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या सहस्रावधि अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. पाणी तेंच होतें. परंतु घेणाऱ्या हाताचा जन्म पाहून तें विटाळतें, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मनुष्याच्या अपमानाची आणि फळीच्या अवहेलनेची तुलना करणें औचित्याला सोडून होईल, आणि ती आम्ही करीत नाहीं. फळीला अपमान कळत नाहीं, आणि तिच्यावर अन्याय होऊंहि शकत नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, गुण पाहण्यापूर्वीं कूळ विचारण्याची जी मनाची संवय, ती एका दालनांत पोसली म्हणजे दुसऱ्या दालनांतून आपोआप निघून जात नाहीं. वस्तूंच्या बाबतींत ती निरुपद्रवी वाटते, हेंच तिला जागा देत राहण्याचें निमित्त होतें.

तथापि 'बनावट' या शब्दांत निंदेचा जो अंश आहे, तो सर्वस्वीं निराधार आहे असें मात्र नव्हे. तो कोणत्या ठिकाणीं साधार आहे तें नेमकें सांगतां आलें पाहिजे. फळीवर शिसवाच्या रेषा छापलेला कागद चिकटवून ती शिसवाच्या किमतीला विकली, तर तेथें लबाडी आहे. परंतु ती लबाडी फळींत नाहीं. ती तिच्या नांवांत आहे. डॅनियलच्या गिटारीनें अंगावर रंग लावला होता, कडेला पट्टी गुंडाळली होती; पण आपण महॉगनी आहों असें तिनें भासविलें नाहीं, आणि किंमतहि आपल्या ऐपतीप्रमाणेंच घेतली. पर्याय आणि फसवणूक या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. विधुरानें दुसरें लग्न केलें तर तो अपराधी होत नाहीं. दुसरीला पहिलीचें नांव देऊन पंगतींत बसविलें, तर होतो. आपल्या व्यवहारांत घोंटाळा असा झाला आहे, कीं पर्यायाला आपण कमी लेखतों, म्हणून विकणारा त्याला मुखवटा घालतो. आणि मुखवटा उघडा पडला, कीं पर्यायच लबाड ठरतो. घेणाऱ्याचा खोटा अभिमान हा विकणाऱ्याच्या खोटेपणाचा भागीदार असतो, ही गोष्ट आपण क्वचितच कबूल करतों.

आतां वृक्षाच्या बाजूनें विचार करूं. सह्याद्रीचा शिसव जगांतील पुष्कळ गिटारींच्या मानेवर जाऊन बसलेला आहे. ब्राझीलच्या शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ सालीं जवळजवळ बंद करण्यांत आला. २०१७ च्या जानेवारीपासून त्या वंशाच्या सर्व जातींना परवान्याची अट लागली. आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्या अटींतून सूट मिळाली. सूट देण्याचें कारण असें, कीं फर्निचरासाठीं जाणाऱ्या लाकडाच्या मानानें वाद्यांसाठीं जाणारें लाकूड फारच थोडें. मग वाद्यकारांनीं फळी वापरून असा किती वृक्ष वांचणार, असा प्रश्न साहजिकच निघतो. त्याचें उत्तर दोन प्रकारें देतां येईल. आपला वाटा लहान आहे म्हणून कर्तव्य संपतें, असें नीतिशास्त्र मानीत नाहीं. तसें मानलें तर कोणाचेंच कर्तव्य उरणार नाहीं, कारण निरनिराळा पाहिला असतां प्रत्येकाचा वाटा लहानच असतो. आणि दुसरें असें, कीं हा युक्तिवाद वाद्याला सोडून फिरून आपल्या कपाटाकडेच बोट दाखवितो. ज्या फळीची आपणांस लाज वाटते, तिची खरी जागा तेथेंच आहे.

महाड-पोलादपूरच्या रहिवाशाला डोंगरावरील झाडांचें महत्त्व पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंहि त्याच वेळीं दरडींनीं बळी घेतले. दरड सुटण्याचीं कारणें अनेक असतात, आणि सगळा दोष कुऱ्हाडीवर ढकलणें हें सत्याला धरून होणार नाहीं. पावसाचें मानच त्या दिवसांत भयंकर होतें. पण ज्या उतारावर ऐन, किंजळ, शिवण यांचीं मुळें माती धरून उभीं आहेत, त्या उतारावरचें एक झाड म्हणजे केवळ इतके घनफूट लाकूड, असा हिशेब या दोन तालुक्यांत तरी कोणाला करवणार नाहीं.

इतकें म्हणून फळीचा जयजयकार करून मोकळें व्हावें, तर तेंहि प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फळींतील राळ रानांत उगवत नाहीं. ती कारखान्यांत तयार होते. फॉर्मल्डिहाइडची वाफ आणि फळी कापतांना उडणारी बारीक धूळ श्वासावाटें कामगाराच्या छातींत जाते, आणि ती वाईट आहे हें आज सर्वमान्य आहे. ज्या महाडानें आपल्या शेजारीं रसायनांची मोठी औद्योगिक वसाहत पाहिली, सावित्रीच्या पाण्याविषयींच्या तक्रारी ऐकल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें त्याच वसाहतींतील एका कारखान्यांत स्फोट होऊन कामगारांचे बळी गेलेले पाहिले, त्या महाडाला 'झाड वांचलें' एवढ्यावर समाधान मानतां येणार नाहीं. झाडाच्या ऐवजीं कोणाची छाती खर्ची पडली, हा पुढचा प्रश्न त्यानें विचारलाच पाहिजे. राळ कमी विषारी करण्याचे, धूळ आवरण्याचे उपाय आहेत; त्यांना पैसा लागतो; आणि तो पैसा वाचवून स्वस्त झालेल्या वस्तूची स्वस्ताई दुसऱ्याच्या आयुष्यांतून काढलेली असते.

शिवाय टिकाऊपणाहि आहे. साधी तंतूंची फळी पाण्यांत बसली म्हणजे फुगते आणि पुन्हा पूर्ववत् होत नाहीं. सागवान धुऊन, वाळवून पुन्हा उभें करतां येतें. सावित्री आणि गांधारी यांचें पाणी घरांत शिरतें त्या गांवांत हा भेद कोणाला समजावून द्यावा लागत नाहीं. जी वस्तु दहा वर्षांत टाकून द्यावी लागते व दुरुस्त होत नाहीं, तिनें वांचविलेलें झाड पुढच्या दोन-तीन वस्तूंत खर्ची पडत नाहीं ना, हेंहि पाहिलें पाहिजे. आणि शेवटीं कारागिराचा प्रश्न आहे. लाकडावर बोटाच्या पेरानें टिचकी मारून त्याचा नाद पारखणारा मनुष्य एका दिवसांत तयार होत नाहीं. फळीला पारख लागत नाहीं. म्हणून पारखणाराहि लागत नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्याची जागा पुष्कळ घरांत विजेच्या पेटीनें, आणि आतां टेलिफोननेंहि घेतली आहे. एखादें कसब गेलें म्हणजे तें पुन्हा हांक मारून परत येत नाहीं, ही हानि कोणत्याहि जमाखर्चांत दिसत नसली तरी ती खरी आहे.

मग निर्णय काय करावयाचा? आमच्या मतें या सर्व विचारांतून एक साधा नियम निघतो. लाकूड जेथें बोलतें तेथें लाकूड असावें. जेथें तें मुकें उभें असतें तेथें भुशानें काम भागवावें. तंबोऱ्याच्या तबलींत, सतारीच्या दांडींत, पखवाजाच्या खोडांत लाकूड बोलतें. तेथें ज्याला तें निवडतां येतें अशा हातांकडे उत्तम लाकूड जावें, आणि त्या हातांना त्यांच्या कसबाचें योग्य मोल मिळावें. विजेच्या गिटारीच्या अंगांत, दिवाणखान्याच्या कपाटांत, भिंतीच्या आच्छादनांत लाकूड बहुधा केवळ आपल्या नांवानें मिरवीत असतें. तेथें तें मागणें ही हौस असेल, परंतु गरज नव्हे. हा नियम पाळला, तर फळी ही सतारीची शत्रु ठरत नाहीं. उलट सतारीसाठीं लाकूड शिल्लक ठेवणारी ती तिची मदतनीस ठरते. मात्र फळीनें आपलें नांव लपवूं नये, तिची राळ ज्याच्या नाकातोंडांत जाते त्याच्या आरोग्याचा खर्च तिच्या किमतींत धरलेला असावा, आणि ती दुरुस्त होऊन पुरेसा काळ टिकेल अशी केलेली असावी. यांपैकीं एक अट मोडली तरी ती पुन्हा 'बनावट' या शब्दास पात्र होते, आणि तेव्हां त्या शब्दांतील निंदा न्याय्य असते.

या अटी पुऱ्या होतात कीं नाहीं हें पाहण्याचें काम सरकारचें किंवा कारखानदाराचें आहे, असें म्हणून आपणांस सुटतां येणार नाहीं. ज्या घरांत मुलगी गिटार मागते त्या घरांत हा प्रश्न खऱ्या अर्थानें निघतो. वडिलांनीं दुकानांत 'ही कशाची आहे?' असें विचारावें, आणि 'फळीची आहे' असें उत्तर आलें म्हणजे तोंड वांकडें न करतां पुढचे प्रश्न विचारावे: ती किती दिवस टिकेल, पावसाळ्यांत तिचें काय होईल, बिघडली तर ती कोण दुरुस्त करील. आणि घरीं आल्यावर शेजाऱ्यानें विचारलें तर ती फळीची आहे असें मोकळेपणानें सांगावें. मुलीच्या कानांवर हें सांगणें पडलें म्हणजे सुराबरोबर आणखी एक गोष्ट ती शिकेल. आणि तिच्या बोटांखालच्या तारा त्यामुळें बेसूर होतील, असें आम्हांस वाटत नाहीं.